रहेमतबीचे सात चहा

चौसाळ्यात हायवेच्या कडेला नबीमिस्त्रीचं डिझेल इंजिनाचं दुकान कुठं आहे असं विचारलं, तर कुणी पाटीचा पत्ता सांगत नाही. "दाराबाहेर निळं पिंप आन् लोणच्याची बरणी दिसली की थांबा," एवढंच सांगतात. पिंपातलं पाणी प्यायचं नसतं, त्यात हात बुचकळायचे नसतात, तापलेल्या रेडिएटरमध्ये ओतायला मागायचंही नसतं. आणि बरणीत लोणचं नसतं. तिच्यात अंगठ्या, घड्याळं, हातातली कडी, चांदीच्या साखळ्या आणि मोबाईल असतात. दुकानात पाऊल टाकणाऱ्या माणसानं हे सगळं आधी बरणीत टाकायचं, गळ्यातला टॉवेल खुंटीला अडकवायचा, आणि मगच इंजिनाजवळ जायचं.

ही दोन्ही राज्यं रहेमतबीची. नबीमिस्त्रीची बायको, वय अठ्ठावन्नच्या आसपास, उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. अंगानं बारीक, आवाजानं मात्र तशी नाही.

"भाभी, ही अंगठी निघतच न्हाई बगा," ट्रॅक्टरवाला सुग्रीव दरवेळी म्हणायचा. "सासऱ्यानं दिलीया."

"साबण लावा. सासऱ्यानं अंगठी दिली, बोट न्हाई दिलं. बोट गेलं तर कोण देईल?"

"तुमी तर देवळाच्या दानपेटीवाणी बसता राव बरणी घेऊन."

"दानपेटीतलं परत मिळतं का? माज्याकडं मिळतं. टाका."

लोक हसायचे आणि टाकायचे. मिस्त्री बॅटरीचा बोल्ट सोडताना पाना जर इंजिनाच्या लोखंडाला टेकला आणि मधे अंगठी सापडली, तर अंगठी निखाऱ्यासारखी लाल होते आणि बोट तिच्या आत असतं, हे रहेमतबीनं कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. तिचा अनुभव असा होता, की पुरुषांना कारण सांगितलं की ते वाद घालतात. हुकूम दिला की हसतात, पण ऐकतात.

चहाचंही तसंच होतं. सकाळी शटर वर गेलं की आधी बाहेरून मागची खिडकी उघडायची. ती खिडकी म्हणजे मागच्या भिंतीत वर, थेट छताच्या पत्र्याला लागून असलेलं हातभर लांबीचं झापड. मग सगळ्यांनी बाहेर बाकड्यावर बसायचं. समोर, हायवेच्या पलीकडं, स्वप्नाची चहाची टपरी. रहेमतबी आपल्या साध्या फोनवरून स्वप्नाला मिस्ड कॉल द्यायची. जितके कॉल तितके चहा. स्वप्ना उचलायची नाही, लगेच कट करायची. कट केला म्हणजे कप मोजला. रोजचे तीन कॉल, तीन चहा. तो चहा पिऊन कप खाली ठेवेपर्यंत कुणी आत जायचं नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही, बिडी तर लांबच. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्रीच्या बायकोला मानपानाची हौस फार. "थांबा" म्हटलं की पुरुषाला राग येतो, "चहा घ्या" म्हटलं की थांबतो, एवढाच त्यातला तिचा हिशोब होता.

त्यामागं अकरा वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा होता.

त्या वर्षी गावात टँकर आठ दिवसांनी यायचा. नबीमिस्त्री तेव्हा बॅटरीत जीव आहे का हे पाहायला सगळे मिस्त्री करायचे तेच करायचा: दोन टर्मिनलांवर पाना आडवा टेकवायचा आणि ठिणगी बघायची. निळी जाड ठिणगी आली तर बॅटरी चांगली, बारीक पिवळी आली तर बसलेली. वीस वर्षं त्यानं अशीच ठिणगी बघितली होती. त्या दिवशी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावलेली होती आणि त्यानं चार्जरचा नुसता चिमटा बाजूला करून पाना टेकवला. सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. रहेमतबी डबा घेऊन रस्ता ओलांडत होती. तिला दिसलं ते एवढंच, की नबी दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीला धडकत बाहेर येतोय आणि त्याच्या सदऱ्याला जागोजाग भोकं पडत चाललीयत.

दुकानात थेंबभर पाणी नव्हतं. हौद कोरडा, घागर कोरडी. समोरच्या हॉटेलात उरलेलं पाणी म्हणजे उकळत्या चहाचं. त्या वेळी रस्त्यानं धुळाजी धनगर मेंढरं घेऊन चालला होता. त्याच्या घोड्यावर दोन कॅन होते, मेंढरांच्या पिलांसाठी तीन कोसांवरून भरून आणलेले. त्यानं काही विचारलं नाही. नबीला खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला, बोटांनी पापण्या फाकवल्या आणि दोन्ही कॅन त्याच्या तोंडावर रिते केले. नबी शिव्या देत होता, धुळाजी ओतत होता. मागून पिलं ओरडत होती.

"उजवा डोळा या पाण्यानं वाचला," पुढं मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. डावा गेला.

घरी आल्यावर रहेमतबीनं त्याच बनावटीची दुसरी बॅटरी उजेडात आणून तिच्या अंगावरचं स्टिकर पाहिलं. उर्दूखेरीज तिला वाचायला येत नव्हतं, पण त्यावर चित्रं होती. चष्मा घातलेला माणूस. फुली मारलेली ज्योत. हातावर पडणारा थेंब. एक लहान मूल, त्यावरही फुली. वीस वर्षं ही चित्रं त्या दुकानात होती आणि कुणी त्यांच्याकडं पाहिलं नव्हतं. तिनं गुफरानला, आपल्या मुलाला, समोर बसवून खालची बारीक अक्षरं वाचायला लावली. चार्जिंग होताना बॅटरीतून वायू निघतो, तो हलका असतो, वर जातो, कोंडला तर साध्या ठिणगीनं पेट घेतो. तिनं मान वर करून पत्र्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून पत्र्याला लागून खिडकी फोडून घेतली. तिसऱ्या दिवशी निळं पिंप आलं. दुष्काळात बायका कळशी घेऊन दारात यायच्या, "रहेमतबी, एवढं पिंप भरून नुसतं ठेवायचं व्हय गं?" तेव्हा ती घरातली कळशी उपडी करून द्यायची, पण पिंपाला हात लावू द्यायची नाही. धुळाजी दरवर्षी मेंढरं घेऊन जाताना थांबतो. त्याला मात्र त्या पिंपातलं पाणी चालतं. तो पितो, आणि ती लगेच वरपर्यंत भरून ठेवते.

नबीच्या चष्म्याचं काम तिचंच. कामाचा मोठा, बाजूनं झाकलेला चष्मा ती रोज सकाळी ओढणीच्या टोकानं पुसून त्याच्या हातात द्यायची. तो घालत असे, कारण न घालता आत गेला तर ती काही न बोलता दारात उभी राहायची. तेवढं पुरायचं.

तर या अशा रहेमतबीला डिसेंबरात घाटनांदूरला जावं लागलं. लेक आफ्रीनला दुसरं बाळंतपण सासरीच झालं, मुलगी झाली, आणि गुरुवारी छटी होती. अकरा वर्षांत ती दुकान सोडून दोन रात्री बाहेर राहिली नव्हती.

"जा की," नबी म्हणाला होता. "मी काय पोर हाय का?"

"पोर असता तर बरं होतं. पोर ऐकतं."

"अम्मी, मला सगळं पाठ हाय," गुफरान म्हणाला. तो आता अठ्ठावीस वर्षांचा, कामात बापाच्या वरचढ. "आधी मायनस काढायचं, लावताना मायनस शेवटी. चार्जर बंद केल्याबिगर चिमटा काढायचा न्हाई. इंजिन गरम आसंल तर रेडिएटरचं झाकण सोडायचं न्हाई. नोझलचा फवारा हातावर घ्यायचा न्हाई. आजून?"

तिला बरं वाटलं आणि वाटलंही नाही. पाठ असणं आणि वेळेला आठवणं यात किती अंतर असतं ते तिनं नबीच्या डाव्या डोळ्यात पाहिलेलं होतं.

बुधवारी रात्री नबीचा फोन आला. थंडीनं सगळ्यांच्या बॅटऱ्या बसल्यात, आज आठ लावल्यात चार्जिंगला, असं त्यानं सांगितलं. एका वेळी आठ कधी नसायच्या. पण तिकडं आफ्रीनच्या सासूनं हाक मारली आणि बोलणं तिथंच राहिलं.

गुरुवारी सकाळी सव्वाआठला ती उन्हात पाय पसरून बसली होती, पायांवर नात, हाताला तीळतेल. शेजारी आफ्रीन मोबाईल बघत होती. एकदम हसली.

"अम्मी, भाईचं स्टेटस बघ. रात्रीच टाकलंय."

तिनं फोन आईच्या डोळ्यांपुढं धरला. गुफरानचा आवाज होता, नाटकी, गावातल्या पोरांना सुनावल्यासारखा. "या आता चोरांनो! कुठून येता बघू बे!" गेल्या आठवड्यात हायवेवरच्या दोन दुकानांतून बॅटऱ्या चोरीला गेल्या होत्या, मागच्या बाजूनं शिरून. चित्रात दुकानाची मागची भिंत होती. तिथं वर पत्र्याला लागून जिथं झापड होतं, तिथं नवाकोरा पत्रा होता, चारी बाजूंनी बोल्ट मारून घट्ट बसवलेला. मग फोन खाली वळला आणि आतल्या बाजूला फळीवर ओळीनं आठ बॅटऱ्या दिसल्या. प्रत्येकीला लाल-काळे चिमटे. शेवटी शटर धाडकन खाली आल्याचा आवाज, कुलपाचा आवाज, आणि गुफरान हसतोय.

रहेमतबीचा तेलाचा हात बाळाच्या पोटावर तसाच थांबला.

"आज वार कोणता?"

"जुमेरात की अम्मी. छटी न्हाई का आज?"

जुमेरात. म्हणजे मस्तानशा येणार.

मस्तानशा फकीर दर गुरुवारी एस.टी. थांब्यापासून सुरुवात करायचा. हातात साखळीचं लोबानदान, त्यात फुललेले निखारे, दुसऱ्या हातात मोरपिसांचा पंखा. हिंदूचं असो की मुसलमानाचं, प्रत्येक दुकानात शिरून चारी कोपऱ्यांत लोबानचा धूर द्यायचा. निखारा विझू नये म्हणून लोबानदान झोक्यासारखं फिरवायचा, आणि धूर नीट लागावा म्हणून हात उंच करून ते पत्र्यापर्यंत न्यायचा. पावणेनऊ-नऊला तो नबीच्या दुकानाशी यायचा. रहेमतबी त्याला बाकड्यावर बसवायची, चहा द्यायची, आणि चहा होऊन दुकानात वारा फिरला की मगच आत जाऊ द्यायची. मस्तानशाला वाटे, ही बाई आपल्याला मान देते. तसं वाटू द्यायला तिची हरकत नव्हती. कारण सांगितलं असतं तर त्याला लोबानचा अपमान वाटला असता.

म्हणजे कारण त्यालाही माहीत नव्हतं. आणि चहाचं कारण नबीला नीट माहीत नव्हतं, गुफरानलाही नव्हतं. स्टिकर त्यानंच वाचून दाखवलं होतं, पण सतराव्या वर्षी वाचलेलं तो कधीच विसरला होता. खिडकी चोराच्या दृष्टीनं बघितली तर नुसतं भोक होतं आणि चहा म्हणजे अम्मीची हौस. सगळे नियम तिनं त्यांच्या हातात दिले होते, पण त्या दोन नियमांची गाठ स्वतःच्या मुठीत ठेवली होती.

"पकड हिला," तिनं बाळ आफ्रीनच्या मांडीवर दिलं आणि तेलकट हातानंच फोन घेतला. नबीला लावला. वाजला, वाजला, बंद झाला. गुफरानला लावला. वाजत राहिला. पुन्हा नबीला.

"उचलत का न्हाईत?" आफ्रीन म्हणाली. "दुकानात पोचले असतील."

तेच तर. दुकानात पोचले म्हणजे दोन्ही फोन बरणीत. बरणीचं झाकण घट्ट, ट्रकांचा आवाज सतत. तिला ती बरणी डोळ्यांपुढं दिसली, आत दोन फोन गुरगुरतायत, उजेड पाडतायत, आणि बाहेर कुणाला पत्ता नाही. "आत असताना फोन जवळ ठेवायचा न्हाई, मी कितीही वेळा केला तरी," असं तिनंच बजावलं होतं. तिचीच बरणी आज तिला आत येऊ देत नव्हती.

आफ्रीननं व्हॉट्सॲपवर चार मेसेज टाकले. दोन खुणा आल्या, निळ्या झाल्या नाहीत. जावई फराज दात घासत आला, ऐकून घेतलं आणि तोंडावर पाणी मारून म्हणाला, "गाडी काढू का? मी जातो."

"कुठं जाता बेटा? अडीच तासांची वाट. धूर द्यायला बाबाला दोन मिनिटं लागतात."

आठ वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

मग तिला स्वप्ना आठवली. समोरच तर आहे पोरगी, हायवेच्या पलीकडं! हाक मारली तरी ऐकू जाईल. तिनं स्वप्नाला फोन लावला. एकदा वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला. कट. तिसऱ्यांदा लावला. एका घंटीत कट.

"कट का करती?" आफ्रीन रडकुंडीला आली.

रहेमतबीनं कपाळाला हात लावला. "चहा मोजती ती, बाई. तीन झाले. ती आता तीन कप वतायला लागली."

स्वप्नाच्या एका हातात भांडं, एका हातात गाळणी, फोन मांडीशी. चाचीचं नाव आलं की अंगठ्यानं कट करायचं, ही तिची वर्षांची सवय. चाची गावात नाही हे तिला माहीत असेल की नाही? असलं तरी सकाळच्या गर्दीत तिच्या ध्यानात येईल? तिचा नवरा परमेश्वर दूध आणायला बीडकडं गेलेला असतो या वेळी. तिच्या साध्या फोनवर मेसेज गेला तर ती तो पुढच्या महिन्यात बघेल.

"अम्मी, सारखा लावत राहा, कधीतरी उचलेल."

"लावते." आणि मग बटणावर बोट ठेवलं असताना रहेमतबी थांबली. तीन चहा म्हणजे रोजचाच चहा. तीन कप घेऊन स्वप्ना रस्ता ओलांडेल, बाकड्यावर ठेवेल, जाईल. नबी म्हणेल, रहेमत सांगून गेली असेल. दोन घोटांत पिऊन आत जाईल. पण कप तिनाच्या वर गेले तर? दुकानात माणसं दोन. फकीर धरला तर तीन. नबी लई मोजणारा माणूस. नट एक जादा उरला तर इंजिन परत खोलतो.

तिनं चौथा कॉल लावला. कट. पाचवा. कट. सहावा. या वेळी जरा वेळ वाजला, तिचा जीव कानात आला, आणि कट. सातवा. कट.

आठवा लावायला तिचं बोट धजेना. आठव्याला स्वप्नाला वाटलं की फोन बिघडलाय आणि तिनं सगळंच सोडून दिलं तर? सात ठीक होते. सात म्हणजे पाव्हणे आले, असं वाटण्याइतके.

मग करण्यासारखं काही उरलं नाही.

आफ्रीनच्या सासूनं आतून विचारलं, "छटीला खीर करू का शेवया?" आफ्रीन "शेवया" म्हणाली. बाळ अर्ध्या अंगाला तेल लागलेलं तसंच झोपलं. रहेमतबीनं तिच्याकडं पाहिलं. मिटलेले दोन डोळे, दोन्ही शाबूत, पापण्यांचे केस अजून पुरते फुटलेलेही नाहीत. तिनं मान दुसरीकडं वळवली. तोंडात दुआ होती, पण मधेच तुटत होती आणि तिच्या जागी भलतंच येत होतं. गुफराननं शटर वर केलं असेल. लगेच आत शिरला असेल का? चार्जर बंद न करता चिमटा ओढणार नाही तो, पाठ आहे त्याला. पण चार्जरचं बटणच आत आहे. बटणातही ठिणगी असते. नबीनं चष्मा घातला असेल का? पुसायला कुणी नाही, म्हणून तसाच कपाळावर ढकलून ठेवला असेल. या माणसाजवळ आता एकच उरलाय. एकच. तो गेला तर याला गुफरानच्या लग्नात सून कशी दिसणार? ही नात कशी दिसणार? अजून त्यानं हिला पाहिलंसुद्धा नाही.

आठ चव्वेचाळीस. आठ सत्तेचाळीस. फराज मोटारसायकलची किल्ली हातात घेऊन दारात उभाच होता, जाणार कुठं ते त्यालाही माहीत नव्हतं.

आठ एक्कावन्नला फोन वाजला. नबी.

तिनं उचलला.

"काय गं?" नबीचा आवाज, चिडका, रोजचा. "सात चहा कावून? कोण येणार हाय? स्वप्ना म्हणती चाचीनं सात कॉल दिले. मी म्हणलं ती तर घाटनांदूरला हाय. बरणीतून फोन काढला तर त्यात तुजेच कॉल..."

"आत गेलते का?"

"कोण?"

"तुमी! गुफरान! कुणीबी! आत गेलते का?"

"न्हाई. भाईर एका ट्रकाचं काम होतं, आत्ताच शटर वर केलं. चहा आला म्हणून बसलो. गुफरान म्हणतोय, पिऊन जाऊ. मस्तानशा आलाय, त्यालाबी दिला. उभाच पितोय."

"कुठं उभाय?"

"उंबऱ्यात."

"त्याच्या हातात लोबान हाय?"

"मग काय भोपळा आसंल?" आणि मग नबी थांबला. त्या थांबण्यात तिला कळलं, की त्यानं मान वळवून आत पाहिलं. आठ बॅटऱ्यांकडं आणि वर पत्र्यानं बंद केलेल्या खिडकीकडं.

"मागं घ्या त्याला," ती हळू आवाजात म्हणाली. आता ओरडण्याचं बळ राहिलं नव्हतं. "रस्त्यावर न्या. आत दिवा लावू नका, चार्जर बंद करायला जाऊ नका, चिमट्याला हात लावू नका. आधी पत्रा. भाईरून काढा."

फोन बाकड्यावर ठेवल्याचा आवाज झाला. बंद केला नव्हता. आफ्रीन आणि फराज तिच्या खांद्याशी वाकले आणि तिघं ऐकत राहिले.

"बाबा, इकडं या. रस्त्याकडं या, बाबा."

"कावून? रोज तर..."

"चहा घेऊन या. लोबान ठेवा तिथं, नाल्यापलीकडं. या."

"अब्बा, काय झालं?" हा गुफरान. "अम्मी काय म्हणाली?"

"पाना घे बे. अठरा-एकोणीस. मागं चल. पत्रा काढायचा."

"रात्री दोन तास लावून बसवला मी तो!"

"काढायलाबी दोन तास लागणार का? चल."

एक ट्रक गेला, मग दुसरा. मग लांबून लोखंडाचा आवाज, ठक, ठक, कुरकुर. बोल्ट गंजलेले नव्हते, नवे होते, तरी तिला वाटलं की ते कधी निघणारच नाहीत. मधेच स्वप्नाचा आवाज अगदी जवळ आला, "चाची, फोन चालू हाय का? मला काय ठाव, चाची, मी आपली कप मोजत बसले..." ती रडत होती की हसत होती ते कळेना. "चाचा म्हणाले, पोरी, साखर जास्त झाली. मी म्हणलं, सात कपाची सवय न्हाई मला."

मग पत्रा जमिनीवर पडल्याचा मोठा आवाज झाला, आणि रहेमतबीचा हात आपोआप बाळाच्या डोळ्यांवर गेला. पण तो पत्र्याचाच आवाज होता. त्याच्यामागं काही आलं नाही.

"आता अर्धा तास कुणी जायचं न्हाई," नबीचा आवाज लांबून आला. "बसा सगळे. चहा उरलाय."

दहा वाजता पुन्हा फोन आला. तोवर बाळाला आंघोळ घातली होती, पण कुणी घातली ते रहेमतबीला आठवेना.

"बंद केला चार्जर," नबी म्हणाला. "बोर्डावरनं, मग चिमटे काढले. चष्मा घातला होता." हे त्यानं न विचारता सांगितलं. "तिसरी फुगली होती. सुग्रीवच्या ट्रॅक्टरची. बाजू आशी भाईर आलेली, हात लावला तर तव्यावाणी. झाकणातून बुडबुडे चालूच होते. आतलं पाणी निम्मं उडालं."

"गुफरान?"

"बसलाय. बोलत न्हाई."

"त्याला काय बोलू नका."

"मी काय बोलणार? ठिणगी बघायला मीच शिकवत होतो की." मग एकदम, "पोरीचं नाक कुणावर गेलंय?"

"तुमच्यावर. दुर्दैव तिचं."

तिकडून हसण्यासारखा काही आवाज आला आणि फोन बंद झाला. मग रहेमतबी शेवयांसाठी दूध तापवायला उठली, आणि तिनं रिकामंच पातेलं चुलीवर चढवलं, तेव्हा आफ्रीनच्या सासूनं ते उतरवून तिला भिंतीला टेकवून बसवलं.

शनिवारी ती परतली. एस.टी.तून उतरून घरी न जाता पिशवी घेऊन सरळ दुकानावर आली. आधी मागं गेली, मान वर करून पाहिलं. खिडकी उघडी होती. तिच्यावर जाड लोखंडी जाळी बसवलेली होती, चोराचं मनगट जाणार नाही अशी, पण वारा जाईल अशी. वाकडा झालेला पत्रा भिंतीला टेकवून ठेवला होता. पुढं येऊन तिनं पिंपाचं झाकण काढलं. पाणी काठोकाठ, स्वच्छ. कुणी भरलं ते तिनं विचारलं नाही. गुफरान इंजिनाखाली होता आणि तिथून बाहेर येत नव्हता.

"गुफरान," तिनं हाक मारली.

"हां, अम्मी."

"भाईर ये. तुला एक सांगायचंय. सगळ्यांनाच सांगायचंय. चहाचं."

तो आला, हात पुसत. स्वप्नाला तिनं रस्त्याच्या पलीकडून खुणेनं बोलावलं. बाकड्यावर सगळे बसल्यावर तिनं कधी नव्हे ते कारण सांगितलं: वायू हलका असतो, तो कुठं बसतो, खिडकी कशाला, चहाला इतका वेळ कशाला, बाबाला आधी बाकड्यावर कशाला. सांगताना तिला लाज वाटत होती, जणू इतकी वर्षं ती त्यांना फसवून चहा पाजत होती.

"म्हंजे मान न्हाई व्हय हा?" गुफरान म्हणाला. "मस्तानशा रुसंल आता."

"सांगू नको त्याला. त्याचा चहा मानाचाच."

"चाची, मी आता उचलत जाऊ का फोन?" स्वप्नानं विचारलं.

"चौथ्याला उचल," रहेमतबी म्हणाली. "तिनापर्यंत कट कर."

नबी तेवढ्यात उठला, बरणीशी गेला, मनगटावरचं घड्याळ काढून आत टाकलं. मग चष्मा घेऊन तिच्यापुढं हात केला. तीन दिवसांची धूळ होती काचांवर, डिझेलचे थेंब होते. रहेमतबीनं ओढणीचं टोक तोंडाच्या वाफेनं ओलं केलं आणि पुसायला लागली. आधी उजवी काच, दोन्ही बाजूंनी, उजेडात धरून. मग डावी. डाव्या काचेमागं बघणारं कुणी नव्हतं. तरी तिनं तीही तितकीच चकचकीत केली, आणि चष्मा त्याच्या हातात दिला.